भोगवर्धनाची पांढरी

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. पदवीच्या वर्गांत सातवाहनकालीन व्यापारावर आम्ही बोलत होतों. पैठण झालें, तेर झालें, नाशिक-जुन्नरचीं लेणीं झालीं. तास संपल्यावर मागच्या बांकावरील एक विद्यार्थी टेबलाशीं आला व संकोचानें म्हणाला, "सर, आमच्या गांवाला मात्र कांहीं इतिहास नाहीं." गांव कोणतें म्हणून विचारलें, तेव्हां उत्तर आलें, "भोकरदन. जालना जिल्हा." हें ऐकून आम्हांस त्याच्या अज्ञानाचें हंसूं आलें नाहीं; स्वतःची शरम वाटली. त्या दिवशींच्या व्याख्यानांत भोकरदनचें नांव यावयास हवें होतें, आणि तें आमच्या तोंडून निघालें नव्हतें. ज्या गांवचें नांव दोन हजार वर्षांपूर्वीं सांचीच्या दगडांवर कोरलें गेलें, त्या गांवचा मुलगा आपल्या गांवाला इतिहास नाहीं असें म्हणतो, ह्यांत दोष मुलाचा नाहीं. दोष आम्हां शिकविणारांचा आहे. त्या दोषाचें अंशतः तरी परिमार्जन व्हावें, म्हणून हा लेख.

जालना म्हटलें कीं आज कोणाच्याहि डोळ्यांपुढें बियाणांच्या कंपन्या व पोलादाचे कारखाने उभे राहतात. 'जालना, सोने का पालना' ही म्हण त्या भागांत थोरांपासून पोरांपर्यंत सर्वांच्या तोंडीं आहे. इतिहासाचें पुस्तक उघडावें, तर ह्या मुलुखाच्या वांट्यास दोन-तीन ओळी येतात. १६७९ सालीं शिवाजी महाराजांच्या सैन्यानें जालन्याची पेठ लुटली, ही एक. आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजीं केळना व जुई ह्या नद्यांच्या संगमाजवळ, असईच्या रणांत, वेलस्लीनें शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, ही दुसरी. भोकरदनचें नांव ह्या दुसऱ्या प्रकरणांत येतें खरें, पण कसें येतें तें पाहण्यासारखें आहे. शत्रूचा तळ भोकरदनला आहे, अशी खबर हरकाऱ्यांनीं वेलस्लीला दिली; त्या खबरेवर विसंबून त्यानें आपल्या कूचाचें अंतर मोजलें. प्रत्यक्षांत तो तळ केळनेच्या कांठाकांठानें पूर्वेस असईपर्यंत पसरलेला होता, आणि शत्रु अपेक्षेपेक्षां पुष्कळच जवळ निघाला. तात्पर्य, एका जगद्विख्यात सेनापतीच्या चरित्रांत ह्या गांवास जागा मिळाली ती एका फसलेल्या खबरेचें ठिकाण म्हणून!

सैन्यें येतात, लुटतात, लढतात आणि पुढें निघून जातात. त्यांच्यामागें बखरी आणि खलिते राहतात. जे लोक त्याच मातींत पिढ्यान् पिढ्या राहिले त्यांची नोंद त्यांत नसते. म्हणून भोकरदनच्या रहिवाशांनीं स्वतःविषयीं कोठें कांहीं लिहून ठेविलें आहे काय, तें पाहिलें पाहिजे. तसें त्यांनीं ठेविलें आहे. मात्र तें भोकरदनला नाहीं, शेंकडों मैलांवर सांचीला आहे.

सांचीच्या मोठ्या स्तूपाभोंवतीं जो दगडी कठडा आहे, त्याचे खांब, आडव्या शिळा आणि खालच्या फरशा बहुतेक साध्या माणसांच्या दानांतून उभ्या राहिल्या आहेत, व दात्यांचीं नांवगांवें त्यांवर ब्राह्मी लिपींत कोरलेलीं आहेत. राजेरजवाडे त्यांत थोडे; भिक्षु, भिक्षुणी, व्यापारी, कारागीर आणि गृहिणी हेच फार. ह्या दात्यांच्या गांवांत 'भोगवढन' हें नांव एकाहून अधिक वेळां येतें. मार्कंडेयपुराणांत दक्षिणापथांतील लोकांची जी यादी आहे, तींतहि अश्मकांच्या शेजारीं भोगवर्धन बसले आहेत. संस्कृतांतील भोगवर्धन, प्राकृतांतील भोगवढन आणि आजचें भोकरदन हीं तिन्ही एकच, हें आतां अभ्यासकांत सर्वमान्य आहे. भोग वाढविणारें तें भोगवर्धन. नांवच मोठें सधन आहे.

इतक्या दूरच्या स्तूपास दान देण्याचें ह्या लोकांस कारण काय पडलें? पाली भाषेंतील सुत्तनिपात ह्या ग्रंथांत बावरी नांवाच्या ब्राह्मणाचे शिष्य बुद्धाच्या भेटीस निघतात, त्यांची वाट दिली आहे. ती पैठणहून निघते व माहिष्मती, उज्जयिनी आणि विदिशा ह्या नगरांवरून उत्तरेस जाते. सांची विदिशेच्या अगदीं वेशीवर आहे, आणि भोकरदन पैठणच्या उत्तरेस, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिण अंगास आहे. मालाचे तांडे आणि भिक्षूंचे संघ एकाच वाटेनें चालत. ज्या वाटेनें माल जात होता त्याच वाटेनें पुण्यहि जात होतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. सांचीच्या दक्षिण तोरणावर आणखी एक लेख आहे. तेथील नक्षीकाम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिरांनीं केलें, असें तो सांगतो. वाचकांनीं हा हस्तिदंत ध्यानांत ठेवावा. तो आपणांस समुद्रापार नेणार आहे.

१९३८ सालीं इटलींत पाँपेईचें उत्खनन चालू असतां अमेदेओ मायूरी ह्या संशोधकास एका घरांत हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ति सांपडली. उंची सुमारें २५ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर. अंगावर वस्त्र जवळजवळ नाहीं, पण दागिन्यांचा मात्र भार. दोन्ही बाजूंस एकेक लहानशी दासी उभी. डोक्यांत वरून खालीं भोंक पाडलेलें आहे, त्यावरून ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या लहान तिवईचा पाय असावा, असे तर्क झाले. पाँपेई नगर इ. स. ७९ मध्यें वेसूवियसच्या राखेखालीं गडप झालें. तेव्हां ही मूर्ति त्यापूर्वींची, ह्याविषयीं शंका घेण्यास जागाच नाहीं. तिची घडण भारतीय आहे हें पाहतांक्षणीं कळलें, आणि तिला लक्ष्मी हें नांव मिळालें. पुढें कित्येकांनीं ती लक्ष्मी नसून यक्षी असावी असें म्हटलें. आज ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयांत आहे.

मूर्ति भारताची खरी. पण भारतांत कोठली? मथुरेची असावी असें प्रथम अनेकांस वाटलें. तिच्यावर खरोष्ठी लिपींतील एक अक्षर आहे, त्यावरून कोणी वायव्येकडे बोट दाखविलें. १९३७ पासून अफगाणिस्तानांत बेग्राम येथें कोरीव हस्तिदंताचा मोठा सांठा सांपडूं लागला, त्याच्याशीं कोणी तुलना केली. मूर्ति जवळजवळ अखंड, सुंदर, जगप्रसिद्ध. परंतु तिला पत्ता नव्हता. ती कोणत्या गांवच्या, कोणत्या कारागिराच्या हातून उतरली, हें सांगणारी माती तिला चिकटून आलेली नव्हती.

ती माती भोकरदनला होती. आपल्या खेड्यांत जमिनीचे दोन भेद पूर्वापार मानले आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. घरें पडतात, त्यांच्या भिंतींची माती तेथेंच राहते, तींत चुलींची राख आणि खापरें मिसळतात, तिच्यावर पुन्हा घरें उठतात. अशी हजारों वर्षें चाललें म्हणजे गांवाखालीं एक टेंकाड तयार होतें. त्याचा वरचा थर आपला, त्याच्या खालचा आजोबांचा, आणि सर्वांत खालचा ज्यांचीं नांवेंहि उरलीं नाहींत अशा पूर्वजांचा. १९७३ सालीं नागपूर व मराठवाडा ह्या दोन विद्यापीठांनीं मिळून भोकरदनची ही पांढरी शास्त्रीय पद्धतीनें खणली. शां. भा. देव व र. शं. गुप्ते हे ह्या कामाचे धुरीण. त्यांचा वृत्तांत पुढच्याच वर्षीं प्रसिद्ध झाला. सातवाहनांच्या काळांतील एका भरभराटलेल्या नगराचे थर उघडे झाले. नाणीं, मातीच्या मूर्ति, मणी आणि असंख्य खापरें निघालीं. आणि त्यांबरोबर हस्तिदंताच्या लहानशा स्त्रीमूर्तींचे भग्न अवशेष निघाले. त्यांची घडण पाँपेईच्या मूर्तीशीं इतकी जुळती होती कीं, पुढें म. के. ढवळीकरांसारख्या साक्षेपी पंडितानें पाँपेईची मूर्ति भोकरदनला घडली असावी असें मत मांडलें.

येथें क्षणभर थांबावें असें आम्हांस वाटतें. नेपल्सची मूर्ति अखंड, आणि भोकरदनची भंगलेली. बाजारांत मोल करावयाचें तर पहिलीला राजाचा खजिना पुरणार नाहीं व दुसरीला कोणी हातांत धरणार नाहीं. पण ज्ञानाच्या बाजारांत भाव उलटा आहे. अखंड मूर्तीचें कूळ सांगण्याचें काम भंगलेल्या तुकड्याला करावें लागलें. कारण तुकड्याजवळ पत्ता होता. तो कोणत्या गांवीं, कोणत्या खड्ड्यांत, कोणत्या थरांत, कोणत्या खापरांच्या शेजारीं निघाला, हें लिहून ठेविलेलें होतें. वस्तु हरवली तर एक वस्तु जाते. वस्तूचा ठिकाणा हरवला, तर ती हातांत असूनहि मुकी होते. आमच्या सर्व प्रतिपादनाचें सार एवढेंच आहे.

आतां एक सावधगिरीची सूचना. ही हकीकत ऐकून आमच्या त्या विद्यार्थ्याची छाती फुगली, आणि तें स्वाभाविकच होतें. "म्हणजे सर, रोमच्या लोकांच्या घरांत आमच्या गांवची लक्ष्मी होती!" आम्ही त्यास म्हटलें, असावी, होतीच असें म्हणूं नकोस. त्या खरोष्ठी अक्षराचा उलगडा दख्खनी उत्पत्तीच्या पक्षकारांस करावाच लागतो. हस्तिदंताचे कारागीर विदिशेसहि होते, आणि कारागीर गांवोगांव फिरतात. तयार वस्तूहि फिरतात. भोकरदनच्या मूर्ति भोकरदनलाच घडल्या कीं दुसरीकडून तेथें विकावयास आल्या, हाहि प्रश्न विचारतां येतो. मत बलवान् आहे, पण तें मत आहे. गांवाच्या अभिमानासाठीं पुराव्यापुढें एक पाऊलहि टाकूं नये. आणि टाकण्याची गरज तरी काय? सांचीच्या शिळेवरचें नांव आणि पांढरीच्या थरांतील नगर, ह्या दोन गोष्टी निर्विवाद आहेत. तेवढ्यांनीं कोणतेंहि गांव थोर ठरावें.

ह्यानंतर आम्ही त्या विद्यार्थ्यास व त्याच्या कांहीं सोबत्यांस घेऊन दोन ठिकाणीं गेलों. पहिलें ठिकाण धाराशिव जिल्ह्यांतील तेर. गोरोबाकाकांचें म्हणून हें गांव वारकऱ्यांस ठाऊक आहे. पण ग्रीक भाषेंतील पेरिप्लस ह्या जुन्या प्रवासग्रंथांत भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असें जें म्हटलें आहे, तें तगर म्हणजेच तेर. हें ओळखण्यास विद्वानांस किती काळ लागला! कोणी देवगिरीस तगर म्हटलें, कोणी जुन्नरास. अखेर १९०१ सालीं फ्लीटनें तेरचें नांव घेतलें, तेव्हां वाद मिटला. ह्या गांवांत रामलिंगप्पा लामतुरे नांवाचे एक गृहस्थ होऊन गेले. ते कोणत्याहि पुरातत्त्वखात्याचे अधिकारी नव्हते; गांवचेच रहिवासी. पांढरीवर पावसानें उघडीं पडणारीं खापरें, मणी, नाणीं, मातीचीं चित्रें, लोकांच्या लेखीं जो केवळ केरकचरा, तो त्यांनीं जन्मभर गोळा केला. आज त्यांच्या नांवाचें शासकीय संग्रहालय तेरला उभें आहे व त्यांत हजारों वस्तू आहेत. पाँपेईच्या मूर्तीची आठवण व्हावी अशी हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ति त्यांतहि आहे. पृष्ठभागावरून वेंचलेल्या वस्तूंचा थर सांगतां येत नाहीं, ही ह्या संग्रहाची उणीव अभ्यासकांस जाणवते. पण ती काढतांना एवढें विसरूं नये कीं, लामतुरे नसते तर थर तर गेलाच होता, वस्तूहि गेल्या असत्या; आणि त्या तेरच्या आहेत, हें तरी आज छातीवर हात ठेवून सांगतां येतें.

तेथें जें आम्हांस विशेष वाटलें तें असें कीं, आमच्या मागोमाग गांवचीं कांहीं मुलें आंत आलीं आणि एका पेटीपाशीं उभीं राहून, अमुक वस्तु अमक्याच्या शेताच्या अंगास सांपडली, असें एकमेकांस सांगूं लागलीं. त्यांचें सांगणें खरें कीं खोटें, हें आम्ही तपासलें नाहीं. पण थोर शहरांतील मोठमोठ्या संग्रहालयांत आम्ही पुष्कळ हिंडलों आहोंत. तेथें प्रेक्षक वस्तूकडे परक्याच्या संपत्तीकडे पाहावें तसा पाहतो. तेरच्या त्या मुलांच्या बोलण्यांत घरचा माणूस घरच्या जिनसांविषयीं बोलतो तसा सूर होता. स्थानिक संग्रहालयाचें प्रयोजन ह्या एका सुरांत आहे.

दुसरें ठिकाण मराठवाडा विद्यापीठाचें इतिहास-संग्रहालय. हें विद्यापीठ १९५८ सालीं औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, स्थापन झालें. १९९४ पासून त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव आहे. तेथें भोकरदनचे मणी व खापरें पाहतांना आमचा विद्यार्थी बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "सर, असे मणी आमच्याकडे पहिल्या पावसानंतर पोरें वेंचतात. खेळून झालें कीं टाकून देतात." थोड्या वेळानें तो पुन्हा म्हणाला, "आणि घराच्या धाब्यावर टाकावयास आम्ही पांढरीचीच माती आणतों. आजोबांनीं आणली, वडिलांनींहि आणली."

हें त्याचें दुसरें वाक्य आमच्या मनांत आजवर घर करून राहिलें आहे. धाब्याच्या घरांवर पांढरी माती घालावी, पाणी गळत नाहीं, हा मराठवाड्यांतील जुना व शहाणपणाचा रिवाज आहे. पांढरीची माती खताच्या गुणाची म्हणून शेतांतहि टाकतात. ह्यांत कोणाचा दुष्टावा नाहीं. पण एकेक गाडी मातीबरोबर दहा-वीस पिढ्यांचें दफ्तर उचललें जातें, आणि आतां गाडीची जागा यंत्रानें घेतली असल्यामुळें, जें काम पूर्वीं शंभर वर्षांत होई तें एका दिवसांत उरकतें. पुराणवस्तूंच्या रक्षणासाठीं १९७२ सालचा कायदा आहे. तो मूर्ति विकणाऱ्यास धरील. पण जो मणी कोणी विकीत नाहीं व खापराचा जो तुकडा कोणी चोरीत नाहीं, त्याचें रक्षण कायदा कसें करणार? तें काम ज्याच्या दारांत तो तुकडा पडला आहे त्याचेंच आहे. आणि त्या तुकड्याला किंमत आहे, हें त्याला कोणी तरी सांगितलें पाहिजे.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, प्रत्येक जुन्या गांवीं, निदान तालुक्याच्या गांवीं, एक खोली असावी. तिला घुमट नको, संगमरवर नको. शाळेची एक खोली, दोन फळ्यांचें कपाट आणि एक जाड बांधणीची वही पुरे. वहींत चार रकाने असावेत: वस्तु काय, कोणास सांपडली, कोठें, कोणत्या दिवशीं. महत्त्वाची वस्तु दिसली तर जाणत्यांस कळवावें, आणि पांढरींत आपण होऊन कुदळ कधींहि घालूं नये. पाऊस जेवढें वर आणून देईल तेवढेंच घ्यावें. भारी वस्तू मोठ्या संग्रहालयांत गेल्या तर खुशाल जावोत, त्यांचें रक्षण तेथें अधिक चांगलें होईल; पण त्यांचीं चित्रें व त्यांची कथा गांवांत राहिली पाहिजे. सांचीला दान देणाऱ्या माणसानें दगडावर आपल्या नांवाबरोबर गांवाचें नांव कोरविलें, त्याअर्थीं आपण भोगवर्धनाचे आहोंत ह्याची आठवण राहावी असें त्यास वाटत असलेंच पाहिजे. ती आठवण सांचीनें दोन हजार वर्षें जपली. भोगवर्धनानें ती जपूं नये काय?

पदवी घेऊन तो विद्यार्थी आपल्या भागांत शिक्षक झाला. गेल्या पावसाळ्यानंतर त्याचें एक पाकीट आलें. आंत मणी असेल म्हणून आम्ही तें जपून फोडलें. पण मणी नव्हता. वहीच्या एका पानाची नक्कल होती. वर चार रकाने आंखलेले, आणि खालीं मुलांच्या वळणाच्या अक्षरांत सात नोंदी. पहिल्या नोंदींत तांबड्या रंगाचा एक फुटका मणी होता. सांपडल्याचें ठिकाण 'आमच्या घरामागची पांढरी, विहिरीच्या उगवतीस', आणि दिवस मृगाच्या पावसानंतरचा. पत्रांत एकच ओळ होती: "सर, वस्तू शाळेंतच ठेवल्या आहेत."